योग आणि क्षेम : एका वाफेच्या इंजिनाचा जीर्णोद्धार व त्याचा जमाखर्च

या त्रैमासिकाच्या वाचकांचा नित्याचा परिचय ताम्रपट, सनदा, बखरी आणि पोथ्या यांच्याशीं. लोखंडी इंजिनाचा येथें काय संबंध, असा प्रश्न त्यांच्या मनांत प्रथम यावा हें साहजिक आहे. परंतु जुनी वस्तु मिळवावी कशी, ठेवावी कोठें आणि तिचा वर्षानुवर्षांचा खर्च चालवावा कोणीं, हे तीन प्रश्न पोथीस जितके लागू आहेत तितकेच इंजिनासहि आहेत. भेद इतकाच कीं, पोथीची आबाळ झाली तर तिचें फळ वाळवी व कसर बंद दप्तरांत गुपचूप दाखवितात. इंजिनाची आबाळ झाली म्हणजे तें दिवाळखोरीच्या रूपानें चारचौघांत दिसतें. जें आपल्याकडे झांकलेलें राहतें तें तेथें उघडें पडलें आहे. म्हणून इंग्लंडांतील ‘फ्लाइंग स्कॉट्समन’ या विख्यात इंजिनाचा इ. स. १९६३ पासूनचा वृत्तान्त आम्ही येथें केवळ जमाखर्चाच्या अंगानें तपासूं इच्छितों.

संस्कृतांत ‘योगक्षेम’ असा एक सामासिक शब्द आहे. जें आपणांपाशीं नाहीं तें मिळविणें हा योग, आणि जें मिळालें तें राखणें हा क्षेम, असा त्याचा विग्रह टीकाकार करितात. हा भेद ध्यानांत ठेवून पुढील हकीकत वाचावी, अशी विनंति आहे.

इंजिनाचें पूर्ववृत्त थोडक्यांत असें : नायजेल ग्रेस्ली यांच्या आराखड्याप्रमाणें डॉन्कास्टर येथील कारखान्यांत तें बांधलें गेलें व फेब्रुवारी १९२३ मध्यें बाहेर पडलें. बांधणीचा खर्च ७,९४४ पौंड. प्रारंभीं त्यास नांव नव्हतें, १४७२ हा क्रमांक तेवढा होता. इ. स. १९२४ मध्यें वेंब्ली येथील साम्राज्य-प्रदर्शनाच्या निमित्तानें त्यास ४४७२ हा क्रमांक व लंडन-एडिंबरो या प्रसिद्ध गाडीचें नांव मिळालें. ता. १ मे १९२८ रोजीं या दोन नगरांमधील ३९२ मैलांचें अंतर वाटेंत न थांबतां तोडणारी पहिली गाडी यानेंच ओढली; चालकांची बदली धांवत्या गाडींत व्हावी म्हणून कोळसा-पाण्याच्या टेंडरांतूनच एक अरुंद बोळ काढलेला होता. ता. ३० नोव्हेंबर १९३४ रोजीं ताशीं १०० मैलांचा वेग अधिकृतपणें नोंदला गेलेलें पहिलें वाफेचें इंजिन हेंच ठरलें. इ. स. १९४७ मध्यें त्याची पुनर्बांधणी झाली, १९४८ च्या राष्ट्रीयीकरणानंतर क्रमांक ६०१०३ झाला, आणि वीस लाखांहून अधिक मैल धांवून जानेवारी १९६३ मध्यें तें सेवेंतून निवृत्त झालें.

येथून आमच्या विषयास आरंभ होतो. राष्ट्रीय रेल्वेनें जतन करावयाच्या इंजिनांची जी यादी केली होती तींत या इंजिनाचें नांव नव्हतें. म्हणजे त्याची वाट भंगाराकडे होती. तें वांचविण्यासाठीं कांहीं हौशी मंडळींनीं वर्गणी सुरू केली. मागणी ३,००० पौंडांची होती, आणि तितकेहि जमले नाहींत. तेव्हां ॲलन पेग्लर या उद्योगपतीनें स्वतःच्या पदरची रक्कम भरून इंजिन घेतलें, डॉन्कास्टर येथें त्याची डागडुजी करून त्यास जुना हिरवा रंग व ४४७२ हा क्रमांक परत दिला, आणि राष्ट्रीय रेल्वेच्या मार्गावर तें चालविण्याचा हक्क करारानें मिळविला.

योग असा साधला. परंतु क्षेमाचा प्रश्न लागलाच पुढें उभा राहिला. इंजिनाचें घर म्हणजे केवळ छप्पर नव्हे. टेंडरासह सुमारे ७० फूट लांब, आणि टेंडर वगळूनहि सुमारे ९६ टन वजनाची ही वस्तु. तिला उभी करण्यास शेड पाहिजे; खालून तपासणीसाठीं रुळांमध्यें खोल खड्डा पाहिजे; बॉयलर उचलावयास यारी पाहिजे; कोळसा, पाणी आणि या कामांत मुरलेले कारागीर पाहिजेत. हें सर्व पूर्वीं गांवोगांवच्या इंजिनशेडींत आयतें मिळत असे. परंतु राष्ट्रीय रेल्वे वाफ सोडून डिझेल व विजेकडे वळली तशा या सोयी एकामागून एक नाहींशा झाल्या. वाटेंत पाणी मिळेना म्हणून पेग्लर यांस १९६६ मध्यें दुसरें टेंडर विकत घ्यावें लागलें. ऑगस्ट १९६८ मध्यें तेथील मुख्य मार्गांवरील वाफेचें युग संपलें, आणि कराराच्या बळावर हें एकच इंजिन धांवतें राहिलें. एका पोथीसाठीं सबंध ग्रंथशाळा स्वतःच चालवावी लागावी, तशी ही अवस्था होती.

इ. स. १९६९ मध्यें ब्रिटिश मालाची जाहिरात करणारी गाडी घेऊन इंजिन अमेरिकेस गेलें. या उपक्रमास हॅरॉल्ड विल्सन यांच्या सरकारचा पाठिंबा होता. १९७० मध्यें सरकार बदललें व तो पाठिंबा संपला. तरीहि दौरा चालूच राहिला, उत्पन्न खर्चास पुरेना, आणि १९७२ मध्यें १,३२,००० पौंडांच्या कर्जाखालीं पेग्लर दिवाळखोर ठरले. इंजिन कॅलिफोर्नियांतील एका लष्करी आगारांत अडकून पडलें. ३,००० पौंडांच्या खरेदीमागून नऊ वर्षांत तिच्या चव्वेचाळीसपट कर्ज आलें, हा आंकडा संग्राहकांनीं लक्षांत ठेवण्याजोगा आहे.

दुसरे धनी विल्यम मॅकअल्पाइन. बांधकामाच्या मोठ्या धंद्यांतील घराण्याचे हे गृहस्थ. त्यांनीं जानेवारी १९७३ मध्यें २५,००० पौंडांस इंजिन सोडविलें. तें पनामा कालव्यावाटे बोटीनें लिव्हरपूलास आणलें, आणि तेथून स्वतःच्याच वाफेवर डर्बीच्या कारखान्यांत दुरुस्तीस नेलें. पुढें त्यांनीं लँकेशायरांतील कार्नफोर्थ येथील जुन्या इंजिनशेडींत आपला हितसंबंध निर्माण करून इंजिनास तेथें ठाव दिला. ही शेड वाफेच्या अखेरच्या दिवसांपर्यंत, म्हणजे १९६८ पर्यंत, चालू होती. तेव्हां खड्डे, पाणी व कोळसा यांची सोय तेथें मुळांतच होती. आमच्या मतें या सबंध इतिहासांतील सर्वांत शहाणपणाचा व्यवहार हाच. पूर्वीच्या धन्यानें इंजिन घेतलें. यांनीं इंजिनाबरोबर त्याचें घरहि पाहिलें. वीस वर्षांहून अधिक काळ इंजिन त्यांच्याकडे टिकलें, इतकेंच नव्हे तर १९८८-८९ मध्यें ऑस्ट्रेलियास जाऊन तेथें ता. ८ ऑगस्ट १९८९ रोजीं पार्क्स ते ब्रोकन हिल ही ४२२ मैलांची न थांबतां केलेली धांवहि पुरी करून आलें.

तिसरे धनी टोनी मार्चिंग्टन यांनीं १९९६ मध्यें साडेबारा लाख पौंडांस खरेदी केली आणि लंडनजवळील साउथॉल येथें तीन वर्षें दुरुस्ती करून तींत सुमारे दहा लाख पौंड घातले. इंजिनाचा पुढील खर्च इंजिनानेंच मिळवावा, म्हणून एडिंबरो येथें त्याच्याभोंवतीं एक प्रदर्शनग्राम वसविण्याची योजना त्यांनीं आंखली, आणि २००२ मध्यें समभागहि विक्रीस काढले. प्रदर्शनग्रामास नगरपालिकेची संमति मिळाली नाहीं. २००३ मध्यें हेहि दिवाळखोर झाले. उत्पन्नाचें साधन हातीं येण्यापूर्वींच खर्च करून बसल्याचा हा परिणाम होय.

एप्रिल २००४ मध्यें यॉर्क येथील राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयानें सुमारे २३ लाख पौंडांस इंजिन घेतलें. राष्ट्रीय वारसा स्मारक निधीनें १८ लाख पौंड दिले. सामान्य लोकांनीं ३ लाख ६५ हजारांची वर्गणी केली. रिचर्ड ब्रॅन्सन यांनीं तितक्याच रकमेची भर घातली. बेरीज केल्यास ही रक्कम किंमतीहून अधिकच भरते. चाळीस वर्षांपूर्वीं ज्या वस्तूसाठीं ३,००० पौंड जमले नाहींत तिच्यासाठीं आतां लाखों पौंड जमले. योगाच्या बाजूनें पाहिल्यास याहून मोठें यश नाहीं. घरहि उत्तम मिळालें. हें संग्रहालय १९७५ मध्यें यॉर्कच्या जुन्या इंजिनशेडींतच स्थापन झालेलें आहे.

तरी क्षेमानें येथेंहि परीक्षा घेतलीच. जानेवारी २००६ मध्यें सुरू झालेला जीर्णोद्धार थोड्या काळांत संपेल अशी अपेक्षा होती. त्यास दहा वर्षें व ४२ लाख पौंड लागले. २०११ मध्यें काम आटोपत आलें असें समजून इंजिन युद्धकालीन काळ्या रंगांत लोकांपुढें मांडण्यांतहि आलें. परंतु पुढील तपासणींत चौकटींत तडे आढळले. विलंबाची चौकशी होऊन अहवाल प्रसिद्ध झाला. आरंभींची तपासणी पुरेशी खोल नव्हती, हा त्यांतील मुख्य आक्षेप. उरलेलें काम बरी येथील खाजगी कारखान्यांत झालें, आणि ता. २५ फेब्रुवारी २०१६ रोजीं इंजिन लंडनहून यॉर्कास वाजतगाजत आलें. पोथीचें वरचें व खालचें पान पाहून ती समग्र आहे असें मानावें, आणि मधलीं पानें उलगडतांना कसरीचीं भोंकें दिसावीं, तसा हा प्रकार. दुरुस्तीचा अंदाज दुरुस्तीस हात घातल्यावांचून बांधतां येत नाहीं, हें आपल्या भांडारांच्या चालकांसहि ठाऊक आहेच.

शिवाय हा खर्च एकदां करून संपत नाहीं. बॉयलर ठराविक मुदतीनें उतरवून, उघडून, तपासून पुन्हां बसवावा लागतो. त्यावांचून इंजिनास वाफ धरण्याची परवानगी नाहीं. त्याप्रमाणें २०२२ मध्यें तें पुन्हां कारखान्यांत गेलें व २०२३ मध्यें आपल्या शताब्दीस बाहेर आलें. केवळ छपराखालीं थंड उभें ठेविलें तर हा खर्च फार कमी होईल, हें खरें. परंतु लोकांनीं वर्गणी दिली ती धांवत्या इंजिनास. थंड लोखंडास त्यांनीं ती कितपत दिली असती याचा संशय आहे. उलट, धांवतांना मूळचे भाग झिजतात व बदलावे लागतात. पोथी जीर्ण झाली तर नक्कल करून मूळ बासनांत ठेवितां येतें. इंजिनास तशी सोय नाहीं. मूळ राखावें कीं मुळाचें कार्य राखावें, या दोहोंतील निवड हाहि शेवटीं खर्चाचाच प्रश्न होऊन बसतो.

आतां वाचकांस एका परिचित लेखाचें स्मरण देतों. नाशिकच्या त्रिरश्मि डोंगरांतील दहाव्या लेण्यांत क्षत्रप नहपानाचा जामात उषवदात याचा लेख आहे. त्यानें लेणें कोरविलें व भिक्षुसंघास दिलें; परंतु तो तेथें थांबला नाहीं. त्यानें ३,००० कार्षापणांची अक्षयनीवी गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेविली; एकीकडे २,००० दरमहा शेंकडा एक दरानें, दुसरीकडे १,००० दरमहा शेंकडा पाऊण दरानें. मुद्दल परत द्यावयाचें नाहीं, व्याज तेवढें खर्चावयाचें. पहिल्या ठेवीचें वर्षाचें व्याज २४० कार्षापण होतें, आणि त्यांतून लेण्यांत राहणाऱ्या वीस भिक्षूंस प्रत्येकीं बारा कार्षापण चीवरासाठीं मिळावे, अशी बिनचूक तरतूद आहे. पुढील शतकांच्या दानलेखांतूनहि देवालय वा वसतीस जमीन देतांना ‘खण्डस्फुटितजीर्णोद्धार’ हें कारण वारंवार येतें. फुटलें-तुटलें दुरुस्त करण्याचा खर्च हे दाते दानाच्याच दिवशीं वेगळा काढून ठेवीत.

योगायोग असा कीं, इंजिनाची किंमतहि ३,०००, आणि उषवदाताची ठेवहि ३,०००. नाण्यांची तुलना अर्थातच होऊं शकत नाहीं. हेतूची होऊं शकते. एका ठिकाणीं ती सर्व रक्कम वस्तु मिळविण्यांत गेली, दुसऱ्या ठिकाणीं मिळालेलें चालविण्यासाठीं राखली गेली.

यावरून कोणी असें म्हणेल कीं, क्षेमाची तरतूद होईपर्यंत योगाच्या वाटेस जाऊंच नये. आमचें तसें म्हणणें नाहीं. १९६३ मध्यें पेग्लर यांनीं हा विचार केला असता तर आज चर्चेस इंजिनच उरलें नसतें. भंगारवाला थांबत नाहीं, रद्दीवालाहि थांबत नाहीं. जी पोथी आज दारीं आली ती आजच घेतली पाहिजे. जागा आहे किंवा नाहीं हें विचारीत बसल्यास उद्यां तिच्या पुड्या झालेल्या असतील. म्हणून योग करणाऱ्यास आम्ही दोष देत नाहीं. तो एकटा पडतो, याचें आम्हांस वाईट वाटतें. त्यानें आणलेल्या वस्तूचा भार दुसऱ्यांनीं वेळीं उचलला नाहीं, तर वस्तु आणि माणूस दोन्ही बुडतात.

आपल्या संग्राहकांपुढें आमची सूचना एवढीच आहे. पोथी वा कागद विकत घेण्यासाठीं जो दाता रक्कम देईल त्यानें निदान तितकीच रक्कम कपाट, रुमाल, औषध आणि तें काम करणाऱ्या माणसाचें वेतन यांसाठीं वेगळी ठेवावी. आणि संस्थांनीं ती मुद्दलास हात न लावतां अक्षयनीवीच्या रीतीनें चालवावी. खरेदीच्या दात्याचें नांव दगडावर कोरलें जातें. वाळवीची पावडर ज्याच्या पैशानें आली त्याचें नांव कोठेंच नसतें. तें कोठें तरी लिहिलें जावें, अशी इच्छा प्रकट करून हा लेख पुरा करितों.