वेशीवरचा पहारा आणि घरातले चित्र

संयुक्त अरब अमिरातीच्या सात राज्यांपैकी अजमान क्षेत्रफळाने सर्वांत लहान, सुमारे २६० चौरस किलोमीटरचे असले, तरी प्रतिमांच्या प्रवासाच्या इतिहासात त्याचे नाव आकाराच्या मानाने बरेच मोठे आहे. १९६४ मध्ये शेख रशीद बिन हुमैद अल नुऐमी यांच्या राजवटीने फिनबार केनी या अमेरिकी व्यापाऱ्याशी टपाल तिकिटांचा करार केला आणि पुढच्या आठ वर्षांत अजमान व त्याच्या ताब्यातील मनामा या नावांनी जगभरच्या संग्राहकांसाठी तिकिटांचा पूर लोटला. त्यांत युरोपीय चित्रकारांच्या नग्नचित्रांच्या मालिकाही होत्या. ज्या गावाच्या नावाने ही चित्रे जगभर फिरत होती, त्या गावातल्या बहुतेकांच्या ती कधी दृष्टीसही पडली नसतील. २ डिसेंबर १९७१ रोजी संघराज्य स्थापन झाले, १९७२ मध्ये टपालसेवा संघाकडे गेली आणि हा व्यापार थांबला. चित्र एकदा हातातून सुटले की ते कोण पाहील यावर कोणाचाच ताबा उरत नाही, हे मात्र त्यातून पुरेसे दिसले होते.

संघराज्याने उभा केलेला पहारा वेशीवरचा होता, म्हणजे बाहेरून आत येणारी प्रतिमा अडवणारा. मुद्रण व प्रकाशनाविषयीचा १९८० चा संघीय कायदा, परदेशी मासिकांतील छायाचित्रांवर फिरवली जाणारी काळी शाई आणि १९९५ मध्ये इंटरनेट आल्यानंतर अश्लील संकेतस्थळे रोखण्यासाठी दूरसंचार कंपनीने बसवलेली गाळणी, या सर्वांमागे एकच कल्पना होती: दोष बाहेर आहे आणि घर शुद्ध आहे. कॅमेऱ्याच्या मोबाइलने ही कल्पना मोडीत काढली, कारण आता चित्र घरातच निर्माण होऊ लागले आणि घरातूनच बाहेर पडू लागले.

हा बदल राज्यकर्त्यांच्या आधी आखातातल्या स्त्रियांनी ओळखला होता, असे म्हणायला जागा आहे. लग्नसमारंभात स्त्रियांच्या स्वतंत्र दालनाच्या दाराशी कॅमेऱ्याचे फोन काढून ठेवायला लावण्याची चाल या शतकाच्या आरंभी तिथे रूढ झाली. आतल्या स्त्रिया सजलेल्या आणि बुरख्याविना असत, त्यात कोणाला काही वावगे वाटत नव्हते. आक्षेप होता तो ते दृश्य दालनाबाहेर नेण्याला. अपाय कुठे असतो हे त्या दाराशी उभ्या असलेल्या बाईला नेमके कळले होते, आणि पुढच्या अनेक कायद्यांपेक्षा ती समज अधिक अचूक होती.

हाच प्रश्न आज मुलांच्या फोनपर्यंत येऊन ठेपला आहे. स्वतःचे नग्न वा अर्धनग्न छायाचित्र, चित्रफीत किंवा लैंगिक मजकूर फोनवरून दुसऱ्याला पाठवणे याला ‘सेक्स्टिंग’ म्हणतात. हा शब्द २००५ च्या सुमारास छापील इंग्रजीत दिसू लागला. २०१८ मध्ये ‘जामा पीडिॲट्रिक्स’ या नियतकालिकात ३९ अभ्यासांचा, म्हणजे सुमारे १ लाख १० हजार तरुणांच्या माहितीचा, एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यानुसार १८ वर्षांखालील सुमारे १५ टक्के मुलांनी असे काही पाठवले होते, २७ टक्क्यांना ते आले होते आणि १२ टक्क्यांनी आलेले चित्र संमतीविना पुढे धाडले होते. हे आकडे प्रामुख्याने पाश्चात्त्य देशांचे आहेत, त्यामुळे अजमानला ते जसेच्या तसे लागू करता येणार नाहीत. परंतु पाठवण्याच्या कृतीपेक्षा पुढे धाडण्याच्या कृतीकडे पाहिले पाहिजे, एवढे त्यांतून निश्चित कळते. ‘आपलं ठेवायचं झाकून अन् दुसऱ्याचं पाहायचं वाकून’ ही म्हण अशा पुढे धाडणाऱ्यालाच शोभते, तरी शिक्षा बहुधा चित्रातल्या मुलीच्याच वाट्याला येते.

अमिरातीचा २००६ चा माहिती तंत्रज्ञान गुन्ह्यांविषयीचा कायदा अरब जगातील अशा आरंभीच्या कायद्यांपैकी होता आणि कौटुंबिक जीवनाची छायाचित्रे, ती खरी असली तरीही, प्रसिद्ध करणे त्याने गुन्हा ठरवले. २०१२ चा आणि नंतर २ जानेवारी २०२२ पासून अमलात आलेला २०२१ चा क्रमांक ३४ हा कायदा याच वाटेने पुढे गेला. आजच्या कायद्यानुसार खासगीपणाच्या भंगाला किमान सहा महिने कैद आणि दीड ते पाच लाख दिरहम दंड, किंवा यांपैकी एक शिक्षा आहे; चित्र उघड करण्याची धमकी देऊन पैसे वा आणखी चित्रे उकळणे, ज्याला ‘सेक्स्टॉर्शन’ म्हणतात, त्यासाठी वेगळी शिक्षा आणि बेअब्रूची धमकी असल्यास दहा वर्षांपर्यंतची कैद आहे. मात्र हाच कायदा अश्लील सामग्री तयार करून पाठवणाऱ्यालाही गुन्हेगार धरतो, त्यामुळे विश्वासाने चित्र पाठवलेली पंधरा वर्षांची मुलगी आणि ते गावभर करणारा मुलगा दोघेही त्याच्या शब्दांत सापडू शकतात. भारतातील माहिती तंत्रज्ञान कायद्याचे २००९ पासून लागू झालेले कलम ‘६७ ब’ याबाबत वेगळे नाही.

दुबई-शारजापेक्षा घरभाडे कमी म्हणून अजमानला बिऱ्हाड केलेल्या मराठी कुटुंबांत या संदिग्धतेला आणखी एक धार येते. त्यांचे वास्तव्य नोकरीच्या व्हिसावर अवलंबून असते, आणि दोषी ठरलेल्या परदेशी व्यक्तीला देशाबाहेर पाठवण्याची तरतूद २०१२ च्या कायद्यातच होती. बापाची नोकरी आणि घराची अब्रू एकाच फोनवर टांगलेली आहे असे मुलाला वाटले, की ते तोंड उघडत नाही, आणि धमकावणाऱ्याचे भांडवल म्हणजे हे मौनच. मार्च २०२० मध्ये करोनाच्या साथीमुळे शाळा घरी आली आणि ज्या मुलांकडे स्वतःचे उपकरण नव्हते त्यांच्याही हाती ते आले. व्हॉट्सॲपवरून बोलण्यावर त्या देशात निर्बंध असले तरी छायाचित्र बिनबोभाट जाते, हा वेशीवरच्या पहाऱ्याचा ठळक पराभव होय.

अपाय टाळण्याचे उपाय म्हणूनच घराच्या आत शोधावे लागतात. फोन हिसकावून घेणे हा त्यांतला सर्वांत सोपा आणि सर्वांत निरुपयोगी, कारण पुढच्या वेळी मूल सांगतच नाही. धमकी आल्यास पैसे न देणे, संभाषण न पुसता जपून ठेवणे आणि मुलाला गुन्हेगार न मानता तक्रार करणे, हा क्रम अधिक उपयोगाचा आहे. २०२३ मध्ये अमेरिकेतील हरवलेल्या व शोषित मुलांच्या राष्ट्रीय केंद्राने ‘टेक इट डाऊन’ ही विनामूल्य सेवा सुरू केली. तीत चित्र फोनमध्येच राहते, फक्त त्याचा आकड्यांत मांडलेला ठसा पाठवला जातो आणि सहभागी समाजमाध्यमे त्यावरून चित्र ओळखून हटवतात. कूटबद्ध खासगी संभाषणांत मात्र हा उपाय चालत नाही.

तक्रारीला आधार देणारा अमिरातीचा बालहक्कांविषयीचा २०१६ चा संघीय कायदा वडिलांच्या छळाने मृत्यू पावलेल्या आठ वर्षांच्या मुलीच्या आठवणीत ‘वदीमा कायदा’ म्हणून ओळखला जातो. शिक्षक, डॉक्टर आणि समाजसेवक यांच्यावर तो बालकाला असलेला धोका कळवण्याचे बंधन घालतो आणि कळवणाऱ्याची ओळख गुप्त ठेवण्याची हमी देतो. गृहमंत्रालयाच्या बालसंरक्षण केंद्राचा ११६१११ हा दूरध्वनी क्रमांक अजमानलाही लागू आहे.