घाटमाथ्यावरील धर्मग्राम : मावळ-लोणावळा परिसरातील कॅथलिक समाज, श्रद्धा आणि सेवा

प्रास्ताविक

महाराष्ट्रातील कॅथलिक ख्रिस्ती समाजाच्या इतिहासाचा विचार करताना अभ्यासकांचे लक्ष प्रथम वसईकडे आणि त्यानंतर अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) जिल्ह्याकडे जाते. ते स्वाभाविकही आहे. वसईत १५३४ पासून १७३९ पर्यंत पोर्तुगीज सत्ता होती आणि त्या काळात तेथे गाव व धर्मग्राम हे एकमेकांत मिसळून गेले. नगर जिल्ह्यात १८७८ च्या सुमारास येशूसंघीय धर्मगुरूंनी काम सुरू केले आणि दुष्काळाने गांजलेल्या, जातिव्यवस्थेने गावकुसाबाहेर ठेवलेल्या समाजाने त्यांना प्रतिसाद दिला. या दोन्ही ठिकाणी धर्मग्रामाच्या मुळाशी शेती आहे, वाडी आहे, पिढ्यान्‌पिढ्यांची वस्ती आहे.

मावळ व लोणावळा परिसराची गोष्ट याहून वेगळी आहे. येथे ख्रिस्ती वस्ती मातीतून उगवली नाही. ती रुळांवरून आली. पवन मावळ, नाणे मावळ व आंदर मावळ येथील कुणबी, महादेव कोळी, ठाकर, कातकरी यांच्या गावांशी या वस्तीचा नैसर्गिक असा संबंध नव्हता. त्यामुळे तिच्या संदर्भात एक प्रश्न आरंभापासून उभा राहतो. शेजारधर्म ही ज्या श्रद्धेची मुख्य शिकवण आहे, त्या श्रद्धेच्या लोकांनी येथे आपला शेजारी कोणाला मानले? प्रस्तुत लेखात या प्रश्नाच्या अनुषंगाने सुमारे दीडशे वर्षांच्या वाटचालीचा विचार केला आहे.

लोहमार्ग आणि उपासकांचा समुदाय

बोरघाट ही फार जुनी वाट. कार्ले येथील चैत्यगृहाच्या स्तंभांवर धेनुकाकट येथील ‘यवन’ दात्यांची नावे कोरलेली आहेत. परकीय माणसाने घाटमाथ्यावर येऊन आपल्या श्रद्धेची खूण ठेवावी, ही गोष्ट या भूमीला नवी नव्हती. पुणे शहरातही सवाई माधवराव पेशव्यांच्या काळात, १७९२ मध्ये, पेशव्यांच्या सेवेतील पोर्तुगीज अधिकारी दों मिगेल द नोरोन्या यांच्या प्रयत्नांमुळे कॅथलिक चर्चसाठी जागा मिळाली होती. मात्र मावळात अशी वस्ती होण्यास लोहमार्ग यावा लागला.

ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे कंपनीने १८५६ मध्ये बोरघाटाचे काम हाती घेतले. पुणे ते खंडाळा हा भाग १८५८ मध्ये सुरू झाला. परंतु मधला घाट पूर्ण होण्यास २१ एप्रिल १८६३ उजाडला. सुमारे पंचवीस किलोमीटरची चढण, पंचवीस बोगदे, अठराशे फुटांहून अधिक चढ, असे हे काम होते. १८६१ मध्ये त्यावर सुमारे ४२,००० मजूर राबत होते. १८५९ च्या जानेवारीत थकलेल्या मजुरीवरून मजुरांचा उद्रेक झाला व चौकशी नेमावी लागली. त्याच वर्षी नवे कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल येथे येऊन थोड्याच दिवसांत मरण पावले आणि काम त्यांच्या पत्नी अ‍ॅलिस ट्रेडवेल यांनी अनुभवी अभियंत्यांकरवी पुढे नेले. पटकीच्या साथीत मजूर मोठ्या संख्येने दगावले. ट्रेडवेल दांपत्याची नावे इतिहासात राहिली. दगड फोडणारे बहुसंख्य मजूर संख्येपुरतेच उरले.

मार्ग पूर्ण झाल्यावर लोणावळ्यास इंजिनांचे कारखाने आले आणि त्यांच्याबरोबर चालक, फायरमन, फिटर, गार्ड, तारमास्तर असा कर्मचारीवर्ग आला. यात इंग्रज व आयरिश होते, अँग्लो-इंडियन होते, गोव्याचे ख्रिस्ती होते, तसेच मुंबई-साष्टी भागातील मराठीभाषी ख्रिस्तीही होते. या शेवटच्या गटाने १८८७ मध्ये ‘ईस्ट इंडियन’ हे नाव स्वीकारले, तेही गोव्याहून आलेल्या धर्मबंधूंपासून नोकरीच्या बाजारात आपली ओळख वेगळी राहावी म्हणून. एकाच वेदीसमोर गुडघे टेकणाऱ्यांची ही स्पर्धा लक्षात ठेवण्यासारखी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील गॅझेटिअरमध्ये लोणावळ्याच्या वर्णनात इंजिनांच्या कारखान्याबरोबर प्रॉटेस्टंट व रोमन कॅथलिक प्रार्थनामंदिरे, रेल्वेची शाळा आणि सहकारी भांडार यांचा उल्लेख येतो. हा क्रमच बोलका आहे. प्रार्थनामंदिर हे रेल्वे वसाहतीच्या सोयींपैकी एक होते.

अशा वसाहतीतील धर्मजीवनाची कल्पना करण्यासाठी एक लहानसा नियम पुरेसा आहे. १९५३ पर्यंत ख्रिस्तप्रसाद घेणाऱ्यास मध्यरात्रीपासून अन्नच नव्हे तर पाणीही वर्ज्य असे आणि मिस्सा सकाळीच होत असे. घाटात गाड्यांना मागून रेटा देणारी जोड इंजिने रात्रंदिवस चालत. रात्रपाळी करून उतरलेल्या, भट्टीसमोर उभे राहून घामाने निथळलेल्या फायरमनला रविवारी ख्रिस्तप्रसाद घ्यावयाचा असेल, तर घोटभर पाणीही न पिता त्याने वेदीपर्यंत यावे, अशी ही अपेक्षा होती. पोप बारावे पायस यांनी १९५३ मध्ये पाण्याची मुभा दिली व काही अटींवर सायंकाळच्या मिस्सालाही परवानगी दिली. १९५७ मध्ये उपवास तीन तासांवर आला आणि १९६४ मध्ये एका तासावर. धर्मशास्त्राच्या पुस्तकात या सवलती एका परिच्छेदात संपतात. पाळीच्या कामगाराच्या दृष्टीने मात्र दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या (१९६२-६५) मोठ्या ठरावांइतकेच त्यांचे मोल असले पाहिजे.

अधिकाराचा प्रश्न

या उपासकांवर अधिकार कोणाचा, हा वाद त्या काळी पश्चिम भारतभर चालू होता. पोर्तुगालच्या राजास पोपने दिलेला ‘पाद्रोआदो’ हा जुना आश्रयाधिकार एका बाजूस आणि रोममधील ‘प्रोपागांदा फिदे’ या धर्मप्रसार मंडळाने नेमलेले प्रतिनिधी दुसऱ्या बाजूस. गोव्याचा धर्मगुरू पहिल्या परंपरेचा, तर कार्मेल, कपुचिन व पुढे येशूसंघ दुसऱ्या. पुणे विभाग १८५४ मध्ये येशूसंघाकडे सोपविण्यात आला. पुढे २३ जून १८८६ रोजी पोर्तुगाल व रोम यांच्यात करार झाला आणि १ सप्टेंबर १८८६ रोजी पोप तेरावे लिओ यांनी पुणे धर्मप्रांताची स्थापना केली. जर्मन येशूसंघीय बर्नार्ड बायडर-लिंडेन हे पहिले बिशप झाले.

यामुळे बोरघाट ही चर्चच्या नकाशावरचीही सीमा ठरली. आजही घाटाखालचे कर्जत-खोपोली मुंबई महाधर्मप्रांतात आहे, तर घाटावरचे लोणावळे पुणे धर्मप्रांतात. गंमत अशी की, लोणावळा-खंडाळ्यातील अनेक कॅथलिक संस्थांची नाळ मात्र मुंबईशी जुळलेली राहिली. मुंबईच्या उकाड्यातून विसाव्यासाठी वर येणाऱ्या पारशी, भाटिया व युरोपियन कुटुंबांप्रमाणेच धर्मसंघांनीही येथे विश्रामगृहे व एकांतगृहे बांधली.

पहिल्या महायुद्धाने ही घडी विस्कटली. जर्मन धर्मगुरू हे शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरले. त्यांना स्थानबद्ध करून मायदेशी पाठविण्यात आले. बिशप हाइनरिख डोअरिंग यांच्याकडे १९२१ मध्ये थेट जपानातील हिरोशिमाची जबाबदारी देण्यात आली व ते १९२७ नंतरच पुण्यास परतू शकले. साम्राज्याच्या छायेत वाढलेली संस्था त्याच साम्राज्याच्या एका आदेशाने पोरकी झाली. पुण्यास पहिले भारतीय बिशप अँड्र्यू डिसोझा यांच्या रूपाने लाभण्यास १९४९ साल उजाडले.

बदलती वस्ती

विसाव्या शतकात लोणावळ्याचे रूप पालटत गेले. टाटांच्या जलविद्युत योजनेसाठी वळवण, शिरवता येथे धरणे झाली आणि १९१५ मध्ये खोपोलीहून मुंबईला वीज गेली. पाण्याखाली मात्र मावळची शेते गेली. १९२९ मध्ये घाटातील उलट दिशेने गाडी फिरविण्याचे स्थानक बंद झाले, विद्युतीकरण झाले आणि वाफेच्या इंजिनावर पोट असलेली वसाहत ओसरू लागली. दुसरीकडे १९४५ मध्ये नौदलाचे ‘शिवाजी’ हे अभियांत्रिकी प्रशिक्षण केंद्र येथे आले. स्वातंत्र्योत्तर काळात पिंपरी-चिंचवड ते तळेगाव हा पट्टा औद्योगिक झाला आणि १९७८ मध्ये पुणे-लोणावळा लोकल धावू लागली. केरळ, तमिळनाडू, मंगळूर येथील ख्रिस्ती कुटुंबे या निमित्ताने मावळात आली. लॅटिन मागे पडल्यावर मिस्सा कोणत्या भाषेत, हा प्रश्न नगरच्या धर्मग्रामात उद्भवलाच नाही, तेथे मराठीच होती. घाटमाथ्यावर मात्र इंग्रजी, कोंकणी, मराठी आणि मल्याळम यांचा मेळ घालणे हे धर्मगुरूचे नित्याचे काम होऊन बसले.

तुंगार्ली येथील डॉन बॉस्को, तसेच सालेशियन भगिनींचे ऑक्झिलियम कॉन्व्हेंट यांसारख्या शिक्षणसंस्थांमुळे चर्चचा संबंध प्रथमच मोठ्या प्रमाणावर बिगरख्रिस्ती कुटुंबांशी आला. या शाळांचे महत्त्व नाकारता येणार नाही. तथापि इंग्रजी माध्यमाची शाळा प्रथम बाजारपेठेतील व नोकरदार कुटुंबांच्या कामी येते, डोंगरावरील कातकरी पाड्याच्या नव्हे, हेही मान्य केले पाहिजे. सेवा होती, परंतु तिला फाटक होते.

साधना

या परिसराचे नाव जगभर ज्यामुळे पोहोचले, ती घटना १९७८ ची. फादर अँथनी डिमेलो (१९३१-१९८७) हे मुंबईत जन्मलेले येशूसंघीय. बार्सिलोनात तत्त्वज्ञान, शिकागोत मानसशास्त्र आणि रोममध्ये अध्यात्मशास्त्र असे त्यांचे शिक्षण झाले होते. धर्मगुरू व धर्मभगिनींना मार्गदर्शन करण्यासाठी पुण्याच्या द नोबिली कॉलेजात त्यांनी सुरू केलेली ‘साधना’ ही संस्था १९७८ मध्ये लोणावळ्यास आली. त्याच वर्षी त्यांचे ‘साधना’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले. त्यात इग्नेशियसच्या ध्यानपद्धतीबरोबर श्वास व शरीरसंवेदना यांकडे लक्ष देण्याचे पाठ आहेत. सत्यनारायण गोएंका यांच्या विपश्यनेचा संस्कार त्यामागे आहे. लोणावळ्यातच १९२४ पासून स्वामी कुवलयानंदांचे कैवल्यधाम योगाचा शास्त्रीय अभ्यास करीत होते आणि पलीकडे कार्ले-भाज्याची बौद्ध लेणी होती. ख्रिस्ती ध्यानाने श्वासाकडे वळावे, यास याहून योग्य स्थळ मिळाले नसते.

डिमेलो यांच्या शिबिरांतून ज्यांनी प्रशिक्षण घेतले, ते देशोदेशीचे होते. बोधकथांच्या रूपात लिहिलेली त्यांची पुस्तके अनेक भाषांत गेली. १९८७ च्या जूनमध्ये न्यूयॉर्क येथे त्यांचे अकस्मात निधन झाले. पुढे २४ जून १९९८ रोजी रोमच्या धर्मसिद्धांत मंडळाने, कार्डिनल जोसेफ रात्सिंगर यांच्या सहीने, डिमेलो यांचे काही विचार कॅथलिक श्रद्धेशी विसंगत असल्याचे निवेदन काढले. ईश्वर व ख्रिस्त यांच्याविषयीची त्यांची मांडणी व्यक्तिरूपाकडून निराकाराकडे सरकते, असा आक्षेप होता. प्रतिसाद देण्यास लेखक हयात नव्हता. निर्गुणाच्या भाषेवर वाढलेल्या मराठी वाचकास या आक्षेपाचे स्वरूप काहीसे अनोळखी वाटेल. परंतु रोमच्या दृष्टीने तो श्रद्धेच्या गाभ्याचा प्रश्न होता, हे समजून घ्यावयास हवे.

येथे मूळ प्रश्नाकडे परत येणे आवश्यक आहे. लोणावळ्यात घडलेली ही आध्यात्मिक क्रांती लोणावळ्यासाठी नव्हती. इंग्रजीतून चालणाऱ्या त्या शिबिरांची आणि वळवणच्या काठावरील ठाकराची भेट होण्याचे कारणच नव्हते.

ओवीची वाट

ती भेट वेगळ्या वाटेने झाली. पुण्यातील काही युरोपीय कॅथलिक अभ्यासकांनी आपले लक्ष वारकरी परंपरेकडे वळविले होते. फ्रेंच येशूसंघीय गी दल्युरी यांनी तुकोबांच्या अभंगांचा फ्रेंच अनुवाद १९५६ मध्ये प्रसिद्ध केला आणि विठ्ठल संप्रदायावरील त्यांचा ग्रंथ १९६० मध्ये डेक्कन कॉलेजने काढला. ते स्वतः वारीत चालले होते. इंद्रायणी लोणावळ्याजवळ कुरवंड्याच्या डोंगरात उगम पावते व मावळातून देहू-आळंदीस जाते. त्या नदीच्या खालच्या अंगाने ख्रिस्ती अभ्यासक मराठी श्रद्धेपर्यंत पोहोचला, असे म्हणता येईल.

वरच्या अंगाने पोहोचले ते गी प्वातवँ (१९३४-२००४). फ्रान्समध्ये तत्त्वज्ञान व ख्रिस्ती धर्मशास्त्राचे शिक्षण घेतलेले प्वातवँ १९७२ मध्ये पुण्यास आले आणि पुढे भारताचे नागरिक झाले. हेमा राइरकर व अन्य सहकाऱ्यांसमवेत त्यांनी मुळशी, मावळ व आसपासच्या डोंगरी तालुक्यांतील गरिबांमध्ये काम केले. त्यातून ‘गरीब डोंगरी संघटना’ उभी राहिली. पाणी, रस्ता, रोजगार, जमीन हे तिचे विषय. धर्मग्रामाच्या यंत्रणेचा हा भाग नव्हता, आणि बहुधा म्हणूनच या कामाला फाटक नव्हते.

संघटनेच्या बैठकांत बायका प्रथम बोलत नसत. जात्यावर बसल्या की बोलत. सासुरवास, भाऊबीज, लेकीचा जन्म, विठ्ठल, सीता, बाबासाहेब, सारे ओवीत येई. कार्यकर्त्यांच्या हे ध्यानात आले आणि ओव्या लिहून घेण्यास आरंभ झाला. गावोगावच्या स्त्रियाच संकलक झाल्या. पुढे बर्नार्ड बेल यांनी ध्वनिमुद्रणाचे काम केले. एक हजाराहून अधिक गावांतील तीन हजारांहून अधिक स्त्रियांच्या एक लाखाहून अधिक ओव्या या संग्रहात जमा झाल्या आहेत. बोरघाटातील ४२,००० मजुरांपैकी बहुतेकांचे नाव मागे उरले नाही; येथे मात्र प्रत्येक ओवीसमोर गाणारणीचे नाव आणि तिचे गाव नोंदविण्याचा आग्रह होता. प्वातवँ यांच्या मृत्यूनंतरही हे काम थांबले नाही. २०१७ पासून पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया या संस्थेने या ओव्या ध्वनिमुद्रणासह प्रसिद्ध करण्यास सुरुवात केली, आणि संकलकांच्या चमूने पुन्हा त्या गावांत जाऊन, ज्या गाणारणी हयात होत्या, त्यांच्या घरी बसून त्यांच्याच ओव्या त्यांना ऐकविल्या.