रिंगणाचा माळ आणि तो राखणारी गावे



वारीचा इतिहास लिहायला बसले की लेखणी आळंदी-देहूला सुरू होते आणि एका उडीत चंद्रभागेच्या वाळवंटात जाऊन थांबते. मधला मुलूख राहून जातो. शंभर वर्षांत आपल्या दिंडीची पावले सगळ्यांत जास्त पडली ती मात्र याच मधल्या मुलखात. नीरा ओलांडली की जमीन हळूहळू सपाट होत जाते. फलटण मागे पडले, बरड झाले, धर्मपुरीला सोलापूर जिल्ह्याची हद्द लागली, की नातेपुते, माळशिरस, वेळापूर अशी थेट पंढरीपर्यंत पसरलेली सपाटी. वारीचे सगळ्यांत देखणे उत्सव, म्हणजे गोल रिंगणे, याच सपाटीवर होतात. ती इथेच का होतात आणि तिथली मोकळी जागा कोण राखते, एवढेच या लेखात सांगायचे आहे.

आपली दिंडी माउलींच्या सोहळ्यात चालते, म्हणून हा लेख मुख्यतः त्या वाटेचा. पण तुकोबारायांची वाट वेगळी काढता येत नाही. माउली नीरेच्या दक्षिण अंगाने येतात आणि तुकोबाराय बारामती-इंदापूरकडून उत्तर अंगाने. सराटीला नीरा ओलांडून ते अकलूजला उतरतात आणि पुढे दोन्ही सोहळे वाखरीच्या तळावर एक होतात. नदी मध्ये असली तरी रान एकाच जातीचे, दुष्काळही एकच.

सोहळ्याला शिस्त आली ती हैबतबाबांपासून

देहूहून तुकोबारायांच्या पादुका पालखीत घालून नेण्याची प्रथा नारायण महाराजांनी १६८५ च्या सुमारास सुरू केली, असे परंपरा सांगते. माउलींच्या सोहळ्याला आजचे रूप दिले ते हैबतबाबा आरफळकरांनी, एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात. बाबा मूळचे सातारकडचे, शिंदे सरकारच्या नोकरीत राहिलेले. तळ कसा पडावा, दिंड्यांचा क्रम काय असावा, चोपदाराने दंड उंचावला की हजारोंनी गप्प कसे व्हावे, ही सगळी शिस्त त्यांच्या लष्करी वळणातून आली, असे जुनी मंडळी सांगतात. रथापुढच्या सत्तावीस दिंड्यांची रांग बघितली की ते पटते. अंकलीच्या शितोळे सरकारांकडून अश्व येतात, ही प्रथाही त्या काळापासूनची. एका अश्वावर पताका घेतलेला स्वार असतो. दुसऱ्यावर कोणी बसत नाही, तो माउलींचा.

अंकली हे गाव बेळगाव जिल्ह्यातले. १९५६ ला राज्ये पुन्हा आखली गेली तेव्हा ते पलीकडच्या राज्यात गेले. अश्वांनी मात्र आळंदीची वाट सोडली नाही. फलटणचेही तसेच. १९४८ साली विलीनीकरण होईपर्यंत फलटण हे निंबाळकरांचे संस्थान होते. म्हणजे आपल्या दिंडीच्या पहिल्या पिढीतला वारकरी लोणंदपर्यंत इंग्रजी अमलात, फलटणला संस्थानात आणि नातेपुत्याला पुन्हा इंग्रजी अमलात, असा चालत होता. त्याला त्याचे काही नव्हते. त्याच्या लेखी हद्दी दोनच, आजचा मुक्काम आणि उद्याचा मुक्काम.

बार्शी लाइटची रेल्वे १९०६ साली कुर्डुवाडीहून पंढरपूरला आली. आता पायी कोण जाणार, असे तेव्हा कोणाला वाटले असेल तर ते खोटे ठरले. गाडीने जाणारे गाडीने गेले, चालणारे चालतच राहिले.

रिंगण कोरडवाहू रानाचे

आता मुख्य गोष्ट. पुण्यापासून फलटणपर्यंत माउलींच्या वाटेवर गोल रिंगण नाही. लोणंद सोडल्यावर चांदोबाचा लिंब येथे पहिले रिंगण होते, पण ते उभे. रस्त्यावरच दुतर्फा वारकरी उभे राहतात आणि मधून अश्व धावतात. गोल रिंगण लागते ते माळशिरस तालुक्यात शिरल्यावर. पहिले सदाशिवनगरजवळ पुरंदावड्याला, मग खुडूस फाट्याला, मग ठाकूरबुवांच्या समाधीजवळ आणि शेवटी बाजीराव विहिरीपाशी. तुकोबारायांच्या सोहळ्यातही गोल रिंगण बारामती ओलांडल्यावर बेलवाडीला सुरू होते, पुढे इंदापूर आणि अकलूज.

याचे कारण मातीत आणि पावसात आहे. हा पर्जन्यछायेचा मुलूख, वर्षाचा पाऊस जेमतेम वीस इंचांच्या आसपास. जो पडतो तोही बहुतेक उत्तरा-हस्ताचा, म्हणजे भाद्रपद-आश्विनातला. म्हणून इथली खरी पेरणी रब्बीची, शाळूची. हलक्या रानात बाजरी, मटकी टाकतात तेवढीच. काळी भारी रानं उन्हाळ्यात नांगरून, कुळवून तशीच ठेवायची आणि परतीच्या पावसाची वाट बघायची, हा पिढ्यान् पिढ्यांचा रिवाज. आषाढ लागता लागता पालखी इथे येते तेव्हा पुण्या-साताऱ्याच्या पावसाळी भागात पेरण्यांची घाई असते आणि इथे कोसभर रान मोकळे पडलेले असते. अश्वाला दौडायला, टाळकऱ्यांना धावायला, लाखभर माणसांना कोणाचे पीक न तुडवता उभे राहायला जागा मिळायची ती अशी. शेतकऱ्यालाही तेव्हा हाताला थोडी उसंत. पालखीची तिथी आणि या मुलखाचे शेतीचे वेळापत्रक एकमेकांत असे बसलेले आहे.

याच सुमाराला मेंढपाळ धनगर पावसाळी भागातून आपापल्या कोरड्या गावांकडे परतलेले असतात. काटेवाडीला तुकोबारायांच्या पालखीभोवती मेंढ्यांचे रिंगण होते आणि परीट समाज धोतरांच्या पायघड्या घालतो. ज्याच्याकडे जे आहे ते त्याने आणायचे. कोणाकडे मेंढ्या, कोणाकडे धोतरे, कोणाकडे मोकळे रान.

या सपाटीचे वर्षही असेच ठरलेले. चैत्रात शिखर शिंगणापूरच्या कावडी याच भागातून जातात. सासवडची मानाची कावड मुंगी घाट चढते. चैत्रातच वेळापूरला अर्धनारीनटेश्वराची यात्रा. आषाढात पालख्या. कार्तिकीला वाखरीच्या पालखीतळावर जनावरांचा बाजार भरतो आणि खिल्लार बैलांची दावण लागते. म्हणजे आषाढात जिथे वैष्णवांचा मेळा, तिथेच कार्तिकात शेतकऱ्याच्या दावणीचा मेळा. मोकळी जागा एकच, ती सगळ्यांच्या कामाला येते.

कालवा आला

भाटघरचे मोठे धरण १९२८ साली पुरे झाले. नीरेचा डावा कालवा त्याआधीच, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, बारामती-इंदापूरकडे वाहू लागला होता. उजव्या कालव्याने पुढे फलटण आणि माळशिरसच्या रानाला पाणी दिले. १९३० नंतर माळीनगर, श्रीपूर, वालचंदनगर येथे साखर कारखाने उभे राहिले. माळीनगरचा कारखाना तर सासवडकडच्या माळी शेतकऱ्यांनी पुढे येऊन काढलेला. स्वातंत्र्यानंतर सहकारी कारखाने आले, १९८० च्या सुमारास भीमेवर उजनी झाले आणि माळाचा रंग पालटला.

हे वाईट झाले असे म्हणणारा माणूस या मुलखाचा नव्हे. १८७६ चा दुष्काळ इथल्या आज्या-पणज्यांच्या तोंडून खाली आलेला आहे, आणि १९७२ ला खडी फोडायला गेलेले हात अजून आपल्यात आहेत. पाणी आले म्हणून घरात दाणा आला. दाणा आला म्हणून वारकऱ्यांच्या पंगती वाढल्या. पूर्वी एका घरातून चार भाकरी निघत असतील तर आज गावाच्या गाव पिठलं-भाकरी, आमटीच्या कढया, पाण्याचे टँकर घेऊन रस्त्यावर उभे असते. कालव्याने वारीला जेवू घातले, हे आधी मान्य केले पाहिजे.

पण ऊस हे पीक शाळूसारखे नाही. आडसाली ऊस आषाढ-श्रावणात लावला की दीड वर्ष रानात उभा. पूर्वहंगामी काय, सुरू काय, पालखी येते त्या दिवसांत सगळाच ऊस रानात असतो. शाळवाचे रान आषाढात आपोआप मोकळे असायचे. उसाच्या मुलखात ते मोकळे ठेवावे लागते. फरक एवढाच, पण फार मोठा. जे निसर्गाने दिले होते ते आता कोणीतरी मुद्दाम द्यावे लागते. रस्त्यालगतची, पाण्याखालची, सोन्याच्या मोलाची जमीन एका दुपारच्या रिंगणासाठी पडीक ठेवायची, हे दान नाही तर काय?

काही ठिकाणी आता रिंगणाला राखलेली मैदाने आहेत. अकलूजला तुकोबारायांचे गोल रिंगण सदाशिवराव माने विद्यालयाच्या मैदानावर होते. शाळेचे मैदान त्या दिवशी वैष्णवांचे होते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पोरांचे. ही सोय चांगलीच. तरीही तळ आणि मैदाने गावांच्या भरवशावरच टिकतात. दगड-काटे वेचणे, खड्डे बुजवणे, मुरूम टाकणे, पाऊस झाला तर चिखल काढणे, मध्ये पालखीसाठी जागा आखणे, कड्याला दोर लावणे. रिंगण घटकाभराचे, पण त्यासाठी गाव कितीतरी दिवस आधीपासून राबते. आपण येतो, धावतो, उड्यांचे खेळ खेळतो, अश्वाच्या टापेखालची माती कपाळाला लावतो आणि पुढच्या मुक्कामाला निघतो. मागे राहिलेल्या पत्रावळ्या आणि प्लास्टिकचे पेले गावच गोळा करते.

आताची वेळ

२०२० साली महामारीमुळे पादुका मोजक्या मंडळींसह एस.टी.तून पंढरीला गेल्या. २०२१ लाही तसेच. दोन आषाढ रिंगणाचे माळ सुने राहिले. तेव्हा वारकऱ्याला वारी चुकल्याचे दुःख होते, तसेच या गावांनाही होते, हे आपण ध्यानात घेतले पाहिजे. ज्यांच्या दारावरून शेकडो वर्षे पालखी जाते, त्यांच्या घरचा तो सण. लेकी माहेरी येतात त्या पालखीला, पुण्या-मुंबईचा चाकरमानी रजा काढतो तो रिंगणाला. दिवाळी हुकली तर चालेल, पण पालखी हुकता कामा नये, असे म्हणणारी घरे या वाटेवर आहेत.

८ नोव्हेंबर २०२१ ला दोन्ही पालखी मार्गांच्या चौपदरी रस्त्यांच्या कामाचा शुभारंभ झाला. रस्ता रुंद झाला, गर्दीत चालणे सोपे झाले, अपघाताची धास्ती कमी झाली, हे खरे. त्याबरोबर वडाची जुनी झाडे गेली, त्यांची सावली गेली. रस्त्याकडेच्या जमिनीचा भाव चढला. जिथे रान होते तिथे हॉटेल, पेट्रोल पंप, गाळे उभे राहू लागले. उसाचे रान निदान एखादे वर्ष मोकळे ठेवता येते. सिमेंटचे तसे नाही. रिंगणाच्या जागेला आजवरचा सगळ्यांत मोठा धोका हा आहे आणि तो पुढच्या शंभर नव्हे, दहा-वीस वर्षांतला आहे.

आपले देणे

दिंड्यांच्या जुन्या वह्यांत बहुधा काय सापडते? विणेकरी कोण, कीर्तन कोणाचे, मुक्काम कुठे, खर्च किती, शिधा कोणी दिला. दुपारचा विसावा कोणाच्या रानात झाला, कोणी त्या वर्षी पेरणी मागे ठेवली, कोणत्या विहिरीवरची मोट किंवा मोटार आपल्यासाठी चालू राहिली, याची नोंद क्वचितच. देणाऱ्याने ती मागितली नाही, घेणाऱ्याने केली नाही. शंभर वर्षांनंतर मोठी माणसे गेली, वाटण्या झाल्या, आणि कोणत्या घराने काय सेवा केली हे त्या घरातल्या पोरांनाही ठाऊक नसते. नोंद नसलेली सेवा विकायला काढलेल्या जमिनीबरोबर सहज निघून जाते.

म्हणून शताब्दीच्या निमित्ताने तीन कामे सुचवावीशी वाटतात. पहिले, या वर्षापासून दिंडीच्या वहीत मुक्काम आणि विसाव्याच्या प्रत्येक जागेची, ती देणाऱ्या घराची आणि गावाची नोंद त्यांच्या संमतीने ठेवावी, आणि वर्षातून एकदा नारळ-प्रसाद घेऊन त्या उंबऱ्यावर जावे. दुसरे, आपला तळ उठला की शेवटचा माणूस झाडू घेऊन निघावा. दुसऱ्याचे रान आपण घेतले तसे परत द्यावे. तिसरे, रस्त्याकडेला गेलेल्या झाडांच्या बदल्यात प्रत्येक मुक्कामी पाच झाडे लावावीत. वड, पिंपळ, कडुनिंब, जे तिथे जगेल ते. लावून विसरायची नाहीत. गावातल्या एकाला पाणी घालायचे सांगून त्याचा खर्च दिंडीने द्यावा.

रिंगणाच्या जागा कायमच्या राखीव व्हाव्यात यासाठी ग्रामपंचायतीचा ठराव लागतो, सरकारी कागद लागतो. ते काम एकट्या दिंडीचे नाही, सगळ्या फडांनी आणि संस्थानांनी मिळून करायचे आहे. पण गाव आपल्या बाजूने उभे राहिले तरच तो ठराव होतो, आणि गाव उभे राहते ते आपल्या वागण्यावरून. पुरंदावड्याच्या, खुडूसच्या, बेलवाडीच्या माणसाला आपण वाटेतला पाहुणचार करणारा समजत आलो. तो वारीतलाच आहे. आपण पंधरा-वीस दिवस चालून वारी करतो, तो वर्षभर रान राखून करतो.