पुन्हा वळलेली मूठ

आमच्या मूलकडच्या धानपट्ट्यात माणसाची किंमत हातांवर ठरते. रोवणी, कापणी, बांधणी, सारे बोटांचेच काम. म्हणूनच ‘महारोगात बोटे झडतात’ या समजुतीने कित्येकांना गावाबाहेर काढले. मीही लहानपणापासून तेच ऐकले.

१९४०च्या दशकाच्या अखेरीस वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांनी वेगळेच दाखवून दिले. नसा बधिर झाल्याने चटका, जखम कळत नाही. ती चिघळते आणि हाड झिजते. काही स्नायू लुळे पडून बोटे आकडीसारखी वाकतात. ब्रँड यांनी मनगटाच्या धडधाकट स्नायूला पायातली बारीक कंडरा जोडली आणि ती बोटांपर्यंत नेली. मूठ पुन्हा वळू लागली.

त्याच सुमारास, १९४९ मध्ये, बाबा आमटे यांनी महारोगी सेवा समिती स्थापन केली. आपल्याच जिल्ह्यात, वरोऱ्याजवळच्या आनंदवनात रोग्यांनी विहिरी खोदल्या, शेती पिकवली.

शस्त्रक्रियेने पकड येते, गेलेली संवेदना येत नाही. तो हात रोज तपासावाच लागतो. १९८२ पासून मात्र बहुविध औषधोपचार उपलब्ध आहे. बधिर चट्टा दिसताच दवाखाना गाठला, तर हात सहसा वाकडा होतच नाही. आणि मग गावाने कोणाला बाहेर काढायचे?