धार आणि थेंब

वसुबारसेला आमच्या घरी गाईचे दूध वर्ज्य असते. म्हणून धनत्रयोदशीच्या पहाटे, परभणी जिल्ह्यातल्या आमच्या लहानशा गावी, मी नेहमीप्रमाणे गोठ्यात धार काढायला बसलो होतो. एवढ्यात पुण्याला इंजिनिअरिंग शिकणारा नातू आला आणि टपालाच्या तिकिटाएवढी एक पारदर्शक वडी त्याने माझ्यापुढे धरली.

“आबा, हा पंप आहे बरं का!”

मी हसलो. पंप म्हटला की माझ्या डोळ्यांपुढे विहीर येते. या वडीत तर केसासारखी एक रेघ आणि तिच्यावर ओळीने तीन ठिपके, एवढेच दिसत होते.

वाचकहो, माझ्या लहानपणी आमच्या विहिरीवर मोट होती. धावेवरून बैल उतरत, नाडा ताणला जाई, आणि सोंदूर ढिला पडला की मोटेची सोंड थारोळ्यात पाणी ओती. मोट गावचा चांभार शिवी, चाक सुतार करी, कडी लोहार घडवी. मोट फाटली तरी दुसऱ्या दिवशी पाटाला पाणी असे. कारण तिला करणारे हात हाकेच्या अंतरावर होते.

पुढे यंत्रे आली. किर्लोस्करवाडी १९१० साली वसली आणि १९२६ पासून तेथे पंप होऊ लागले. आमच्या निजामी मुलखात मात्र त्यांचा आवाज ऐकू यायला पुष्कळ वर्षे लागली. डिझेल इंजिन आले तेव्हा आम्ही त्याला हार घातला आणि मोट माळ्यावर टाकली. १९७२ साली परभणीस कृषी विद्यापीठ निघाले आणि त्याच वर्षी तो भयंकर दुष्काळही पडला. विहिरीच्या तळाशी थोडे पाणी होते. पण ज्याला आमच्याकडे ‘फुटबॉल’ म्हणतात, त्या फूट व्हॉल्व्हचे झडप गेले. नवे मिळेपर्यंत आठ दिवस लागले. माळ्यावरची मोट वाळून तडकली होती. मोसंबीची कोवळी बाग डोळ्यांदेखत जळाली. मुख्य म्हणजे पाणी होते. ते वर आणणारी वस्तू मात्र आता आमच्या हातची राहिली नव्हती.

म्हणून नातवाला मी पहिला प्रश्न केला तो हा की, “हे केले कोणी?”

त्याने जे सांगितले ते असे. रक्ताच्या एका थेंबात रोगाची तपासणी करायची, किंवा औषध अगदी मोजून द्यायचे, तर केसाएवढ्या पन्हाळीतून द्रव हलवावा लागतो. इतक्या अरुंद जागी पाण्याची चालही बदलते. दोन रंगांच्या धारा शेजारी शेजारी वाहतात, पण भोवरे उठत नसल्यामुळे सहजी मिसळत नाहीत. अशा पन्हाळीसाठी पंपही तसाच हवा. १९८८ साली हॉलंडमधल्या संशोधकांनी सिलिकॉन कोरून असा एक पंप केल्याचे प्रसिद्ध केले. माझ्यासारख्या मधुमेह्याला इन्सुलिन थेंबाथेंबाने देता यावे, हा त्या काळच्या अशा खटपटींमागचा एक हेतू होता. पण सिलिकॉन कोरायला धुळीचा कणही नसलेली महागडी दालने लागत. २००० साली अमेरिकेत स्टीफन क्वेक यांच्या मंडळींनी मऊ रबरात झडपा केल्या; त्यांतल्या तीन झडपा ओळीने दाबल्या की पंप झाला. तरी त्याचे साचे तसल्याच दालनांत बनत.

मग आली त्रिमिती छपाई. सोऱ्यातून चकली पाडावी तशीही ही छपाई करतात. पण या पंपांची रीत निराळी. प्रकाश पडला की घट्ट होणारी पातळ राळ घ्यायची आणि थरावर थर गोठवीत वस्तू उभी करायची. जपानात हिदेओ कोदामा यांनी १९८१ मध्ये ही कल्पना मांडली आणि अमेरिकेत चक हल यांना १९८६ मध्ये तिचे पेटंट मिळाले. अडचण एवढीच की, पन्हाळीच्या पोकळीतही प्रकाश झिरपतो आणि ती बुजते. युटामधल्या ब्रिगम यंग विद्यापीठात ग्रेगरी नॉर्डिन यांच्या गटाने राळेत प्रकाश शोषणारे द्रव्य घातले, छपाईचे यंत्र स्वतः बांधले, छापील झडपा आणि पंप केले आणि २०१७ मध्ये अवघ्या १८ बाय २० मायक्रॉनची पन्हाळ छापून दाखविली. केस याच्या कितीतरी पट जाड! आपल्याकडेही पवईच्या आय.आय.टी.त प्रसन्न गांधी यांनी प्रकाशाने सूक्ष्म वस्तू घडविण्याचे काम केले आहे. तर पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतले अमोल कुलकर्णी यांना २०२० चा भटनागर पुरस्कार मिळाला, त्यांचे काम अरुंद नळ्यांतून अखंड रसायने घडविण्याचे.

नातवाने पन्हाळीच्या एका तोंडाशी कुंकवाच्या पाण्याचा थेंब ठेवला, तिन्ही ठिपक्यांना नळ्यांनी तीन रिकाम्या पिचकाऱ्या जोडल्या आणि हवेने ठिपके दाबू लागला. लाल रेघ जरा पुढे सरकली आणि लगेच मागे आली.

“मागचे दार उघडे ठेवलेस तू,” मी म्हणालो आणि त्याला गाईजवळ बसविले. अंगठ्याने आणि तर्जनीने आचळ वरून आवळायचे, ते न सोडता मधले बोट, मग अनामिका, मग करंगळी. वरची पकड आधी सुटली की दूध कासेत परत चढते. त्याची पहिली धार धोतरावर गेली, चौथी मात्र चरवीत वाजली.

पुन्हा पिचकाऱ्या घेऊन त्याने पहिला ठिपका दाबून धरला, मग दुसरा, मग तिसरा. या वेळी लाल रेघ मागे आली नाही. एका सांध्यातून थोडी गळाली खरी, पण पुढे गेली.

“बिघडला तर गावात दुरुस्त होईल का रे?”

“दुरुस्त नाही व्हायचा आबा. नवा छापायचा. यंत्र असले तर इथेसुद्धा, एका रात्रीत.”

“आणि राळ?”

तो थोडा घुटमळला. “राळ बाहेरूनच आणावी लागते.”

मोटेचे कातडे गावातच मिळत असे, हे मी त्याला सांगितले. त्याने वहीत काहीतरी टिपून घेतले आणि गळका सांधा बोटाने चाचपत तो पुन्हा गाईजवळ बसला.