मूळ गज कुठला?

मंडळी, लेण्याद्रीला गेलात की गिरिजात्मजाचं दर्शन घेऊन लगेच खाली उतरू नका. शेजारी सहा नंबरचं लेणं आहे, चैत्यगृह. त्यातले खांब बघा. तळाशी घडा, मध्ये अष्टकोनी दांडा, वर उलटा घडा. सगळं छिन्नीने कोरलेलं, पण घडे इतके गोल की लेथवर फिरवून काढलेत असं वाटावं. आणि ओळीतला प्रत्येक खांब शेजारच्यासारखा दिसला पाहिजे, हा हट्टही तेवढाच जुना.

लाकडात हे काम कातारी करायचा. मोटर नव्हती तेव्हा लाकडाला दोरीचा वेढा द्यायचा आणि ती दोरी पुढे-मागे ओढायची. लाकूड एकदा इकडे फिरणार, एकदा तिकडे. पटाशी लावायची ती एकाच फेरीत, उलट्या फेरीत हात मागे. जिन्याच्या कठड्याचे वीस गज हवे असतील, तर पट्टीवर खुणा करायच्या: इथे मणी, इथे खाच, इथे फुगवटा. लांबी पट्टी सांगते, जाडी कॅलिपर सांगतो. दोन खुणांमधला बाक मात्र हाताचा.

तो बाकसुद्धा यंत्राकडे सोपवला अमेरिकेतल्या थॉमस ब्लँचार्डने. 1819 साली त्याने बंदुकीच्या दस्त्यासाठी लेथ काढला. एक लोखंडी नमुना आणि एक कच्चं लाकूड, दोन्ही बरोबरीने फिरतात. नमुन्यावरून एक चाक घासत जातं, आणि ते जसं आत-बाहेर होईल तसं कापणारं चाक लाकडात घुसतं. बंदुकीचा दस्ता गोल नसतो, तरी जमलं! पुढे याच युक्तीने कुऱ्हाडीचे दांडे आणि बुटांचे साचे निघाले.

आता आपल्या जुन्नरात या. एका जुन्या वाड्याच्या जिन्यातले नऊ गज गेलेत. मालक म्हणतात, सागवानात होत असेल तर ठीक, नाहीतर सगळाच कठडा काढून स्टीलचा पाइप लावतो. घोडेगावच्या एका सुतारमामांनी काम घेतलं आणि लेथला घरीच जोड बनवला. मी दोन दिवस मदतीला होतो. मदत म्हणजे भुसा झाडणे!

जोड साधा आहे. लेथला समांतर एक प्लायवूडची फळी, तिच्या कडेला गजाचा अर्धा आकार कापलेला. हाच फर्मा. पुढे सरकता ठोकळा, त्यावर कार्बाइडची छोटी गोल पाती आणि खाली एक खिळा. खिळा फर्म्याला टेकला की पाती थांबते, त्यापुढे लाकूड कापलंच जात नाही. पातीचा गोलवा आणि खिळ्याचा गोलवा एकच लागतो, नाहीतर आकार बदलतो. एकदम खोल घेतलं तर गज मधोमध थरथरतो आणि अंगावर वळ्या उठतात. म्हणून पाच-सहा हलके हात. पहिला गज निघाला, तेव्हा मी शिट्टी मारली.

पण खरी गंमत फर्मा कापतानाच झाली होती. उरलेले जुने गज मोजले, तर एकही दुसऱ्यासारखा नाही. कुणाचा फुगवटा दोन मिलिमीटर जाड, कुणाचा मणी बोटभर खाली. मग नक्कल कुणाची? ब्लँचार्डच्या यंत्राला आधी एक मूळ नमुना लागतो. या जिन्यात तो कधी नव्हताच, होती फक्त खुणांची पट्टी. मामांनी सगळे गज ओळीने लावले, लांबून बघितले आणि तिसरा उचलला. म्हणाले, “हा मधला वाटतोय.” माझ्या मते त्या दोन दिवसांतलं सगळ्यात अवघड काम तेच होतं, आणि ते जोडाने केलं नाही.

अजून एक अडचण होतीच. मण्याच्या दोन्ही बाजूंना बारीक टोकदार खाच असते. गोल पाती त्या टोकापर्यंत पोचू शकत नाही, खाच बोथट राहते. ती तिरक्या पटाशीने हातानेच मारावी लागली. नऊ गज, प्रत्येकी चार खाचा. मामांनी पट्टीवर चार खुणा केल्या, फिरत्या गजावर पेन्सिल टेकवली आणि छत्तीसही खाचा संध्याकाळपर्यंत उरकल्या. पाइपवाल्याला मालकांनी नको म्हणून कळवलंय.