बिऱ्हाड कोठें करावें ?

‘घर पाहावें बांधून’ अशी म्हण मराठींत आहे. पण तें घर कोणत्या वस्तींत बांधावें, याविषयीं ती कांहींच सांगत नाहीं. याचें कारण उघड आहे. ज्या गांवगाड्यांत ही म्हण रूढ झाली, तेथें वस्ती निवडण्याचा प्रश्नच नव्हता. ब्राह्मणआळी, कुंभारवाडा, महारवाडा हीं स्थानें जन्मानेंच ठरलेलीं असत, आणि मनुष्य ज्या आळींत जन्मला त्याच आळींत बहुधा त्याचा शेवट होई. कोठें राहावें, हा प्रश्न सामान्य गृहस्थापुढें उभा केला तो मोठ्या शहरानें. आणि महाराष्ट्रांत तो अत्यंत तीव्रतेनें उभा राहिला मुंबईंत. गिरगांवांतून दादर-माटुंग्यास आणि तेथून पार्ल्यास असा जो मराठी मध्यम वर्गाचा प्रवास 1900 ते 1950 या अर्धशतकांत घडला, तो या प्रश्नाच्या उत्तराचाच इतिहास होय.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कारकून, शिक्षक, वकील यांचें माहेरघर म्हणजे गिरगांव. कोटांतील कचेऱ्या तेथून पायीं गांठतां येत. चाळींतील एक-दोन खोल्या, पुढें लांबलचक गॅलरी आणि मजल्यावरील सर्वांचा मिळून एक नळ, एवढ्यांत संसार होत असे. कोंकणांतून आलेला तरुण प्रथम नातलगाच्या बिऱ्हाडीं उतरे आणि नोकरी लागल्यावर त्याच चाळींत खोली पाही. म्हणजे वस्ती तो स्वतः निवडीत नसे. त्याच्या आधीं आलेल्या मामानें किंवा चुलत्यानें ती निवडलेली असे. जागा अपुरी असली तरी शेजार आपला होता. 1893 सालीं केशवजी नाईकांच्या चाळींत सार्वजनिक गणेशोत्सव सुरू झाला, तोहि या शेजाराच्याच बळावर.

या व्यवस्थेस पहिला हादरा दिला तो प्लेगनें. 1896 च्या सप्टेंबर महिन्यांत मांडवी भागांत डॉ. अकासिओ व्हिएगस यांना या रोगाचे रुग्ण आढळले आणि पाहतां पाहतां सांथ शहरभर पसरली. हजारों लोक घरेंदारें सोडून बाहेर पडले. आजवर केवळ अडचणीची वाटणारी दाटी आतां प्राणघातक वाटूं लागली. खोलींत उजेड येतो काय, वारा खेळतो काय, गटार कोठून वाहतें, हे प्रश्न घर पाहणाऱ्याच्या तोंडीं आले ते या वेळेपासून.

सरकारनें 1898 सालीं कायदा करून सुधारणा ट्रस्ट स्थापन केला. लोकांच्या तोंडीं त्याचें इंग्रजी नांव ‘इंप्रूव्हमेंट ट्रस्ट’ हेंच बसलें. या ट्रस्टनें दोन प्रकारचीं कामें केलीं. दाट वस्ती पाडून प्रिन्सेस स्ट्रीट व सँडहर्स्ट रोड यांसारखे रुंद रस्ते काढले, जेणेंकरून समुद्रावरील वारा शहराच्या पोटांत शिरावा. दुसरें काम म्हणजे उत्तरेकडे दादर, माटुंगा, वडाळा व शीव या भागांत नव्या वस्त्यांची आंखणी. पहिल्या कामांत ज्यांचीं घरें गेलीं त्यांत गरिबांचा भरणा मोठा होता. ट्रस्टनें मजुरांसाठीं चाळी बांधल्या खऱ्या; पण त्या पुऱ्या पडल्या नाहींत, आणि उठलेलीं कुटुंबें शेजारच्याच गल्ल्यांत अधिक दाटीनें राहूं लागलीं. दुसऱ्या कामाचा लाभ मात्र मुख्यतः मध्यम वर्गास मिळाला.

शीव या शब्दाचा अर्थच सीमा. मुंबई बेटाची हद्द तेथें संपे. त्या बाजूस भातखाचरें, ताडामाडाचीं झाडें आणि पाणथळ जमीन होती. ती भरून काढून ट्रस्टनें रस्ते आंखले, बागांसाठीं जागा राखल्या, आणि इमारतींभोवतीं मोकळी जागा सोडण्याचें बंधन घातलें. तथापि आंखणी झाली म्हणून माणसें लगेच राहावयास आलीं नाहींत. पुष्कळशी वस्ती भरली ती पहिलें महायुद्ध संपल्यानंतर. गिरगांवांतील गृहस्थास हवा हवी होती. पण कचेरीपासून इतक्या दूर जाण्याची त्याची तयारी नव्हती.

ही अडचण दूर केली ती विजेनें. 1907 सालीं मुंबईंत विजेची ट्राम सुरू झाली. 3 फेब्रुवारी 1925 रोजीं व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला या मार्गावर विजेची आगगाडी धांवली, आणि 5 जानेवारी 1928 पासून पश्चिमेकडील मार्गावर ती बोरीवलीपर्यंत जाऊं लागली. यापुढें अंतर मैलांनीं न मोजतां मिनिटांनीं मोजण्याची संवय मुंबईकरास लागली, आणि घराच्या वर्णनांत ‘स्टेशनपासून पांच मिनिटें’ हे शब्द आले. दादरला दोन्ही रेल्वेमार्गांचीं स्टेशनें असल्यानें त्या वस्तीचें महत्त्व वाढलें, यांत नवल नाहीं.

परंतु हवा आणि आगगाडी यांनीं केवळ घरें होतात, वस्ती होत नाहीं. वस्ती होते ती संस्थांनीं. दादरच्या हिंदु कॉलनींतील किंग जॉर्ज शाळेचा आरंभ 1912 चा. माटुंग्यास 1937 सालीं शिक्षण प्रसारक मंडळीनें रुइया कॉलेज काढलें. मुलांची शाळा पायीं जाण्याच्या अंतरावर आहे, हें एक कारण पुष्कळ कुटुंबांना पुरेसें झालें. पार्ल्याचें उदाहरण याहूनहि बोलकें आहे. पार्लें साष्टींतलें, 1950 च्या एप्रिलपर्यंत तें मुंबई महापालिकेच्या हद्दीबाहेरच होतें. तेथें टिळकांच्या निधनानंतर 1921 सालीं पार्ले टिळक विद्यालय आणि 1923 सालीं लोकमान्य सेवा संघ या संस्था रहिवाशांनीं उभ्या केल्या. शाळा, ग्रंथालय, व्याख्यानें यांमुळें पार्ल्याची ख्याति झाली, आणि ती ख्यातीच पुढें नव्या कुटुंबांस तिकडे ओढूं लागली.

शेजाऱ्याची निवड हा याच इतिहासाचा तिसरा आणि अधिक अवघड भाग होय. 1915 सालीं श्रीपाद सुब्राव तालमकी यांच्या पुढाकारानें गावदेवीस सारस्वतांची सहकारी गृहसंस्था निघाली. भाडेकरूनें घरमालकाच्या मर्जीवर न राहतां आपल्यासारख्यांच्या सहकार्यानें घर मिळवावें, हा विचार त्या काळीं क्रांतिकारक होता. दादरची पारशी कॉलनी ट्रस्टमधील इंजिनिअर मंचरजी जोशी यांच्या खटपटीनें वसली. अल्प उत्पन्नाच्या कुटुंबांना अशा वस्त्यांनीं मोठा आधार दिला. परंतु ‘आपलीं माणसें’ या शब्दांना दुसरी बाजूहि आहे. कोण आपला हें ठरलें, कीं कोण परका हेंहि ठरतेंच. गांवांतली आळी सोडून आलेल्या लोकांनीं शहरांत नवी आळी उभारली, असेंहि त्यामुळें म्हणतां येईल.

त्या आळीच्या बाहेर ठेवल्या जाणाऱ्या मनुष्याचा अनुभव काय असे, हें डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं स्वतः लिहून ठेवलें आहे. अमेरिकेंत व इंग्लंडांत शिकून ते 1917 सालीं बडोदें संस्थानच्या नोकरीवर रुजू झाले. विद्या होती, हुद्दा होता, भाडें देण्याची ऐपत होती. पण राहावयास जागा मिळेना. शेवटीं एका पारशी धर्मशाळेंत ते पारशी नांव सांगून राहिले. थोड्याच दिवसांत लाठ्या घेतलेला जमाव तेथें आला आणि त्यांना बाहेर पडावें लागलें. दुसरीकडे आसरा न मिळाल्यानें ते मुंबईस परतले. मुंबईंत त्यांचें अनेक वर्षें वास्तव्य होतें तें परळच्या ट्रस्टच्या चाळींत, मजुरांच्या शेजारीं. पुढें 1930 नंतरच्या दशकांत दादरच्या हिंदु कॉलनींत त्यांनीं आपलें घर बांधलें आणि मगधाच्या प्राचीन राजधानीवरून त्यास ‘राजगृह’ हें नांव दिलें. घराची रचना त्यांनीं आपल्या ग्रंथसंग्रहाची सोय पाहून केली होती. बडोद्यास एक खोली नाकारली गेलेल्या मनुष्यानें त्याच प्लेगोत्तर आंखणींतून निघालेल्या वस्तींत घर उभारलें, ही गोष्ट त्या वस्तीच्या इतिहासांत शाळा-कॉलेजांइतकीच महत्त्वाची आहे.

या इतिहासांतील प्रश्न अद्याप संपलेले नाहींत. 26 जुलै 2005 रोजीं सांताक्रूझ येथें एका दिवसांत 944 मिलिमीटर पाऊस झाला आणि मुंबईच्या सखल भागांत घरोघरीं पाणी शिरलें. जमीन भरून काढली तरी पाण्याच्या जुन्या वाटा बुजत नाहींत, हा धडा त्या दिवशीं मिळाला. त्याच वर्षीं अहमदाबादच्या एका पारशी गृहसंस्थेच्या खटल्यांत, सभासदत्व आपल्या समाजापुरतें ठेवण्याचा संस्थेचा नियम सर्वोच्च न्यायालयानें वैध ठरविला. म्हणजे जमिनीची उंची आणि शेजाऱ्याची जात, हे दोन्ही प्रश्न शंभर वर्षांनींहि जिवंतच राहिले.

आज उपनगरांत घर पाहणारें कुटुंब पाणी, स्टेशन आणि शाळा यांची चौकशी करतें. ही चौकशी योग्यच आहे. तिच्या प्रत्येक कलमामागें प्लेग, आगगाडी आणि सार्वजनिक कार्य यांचा इतिहास उभा आहे. शेजार कसा आहे, हेंहि तें विचारतें. मात्र तो प्रश्न विचारतांना, या इमारतींत कोणाला घर मिळत नाहीं, एवढी एक चौकशी अधिक करण्यास हरकत नसावी. तिचें उत्तर घर विकणारा देणार नाहीं. तें जिन्याखालच्या पाट्यांवरील नांवांत वाचावें लागतें.